तिजोरी भरलेली, शस्त्रागार रिते!

फेब्रुवारी २०१५ मध्ये जर्मनीच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने एक वृत्त प्रसृत केले आणि साऱ्या युरोपात हशा पिकला. आदल्या वर्षी नॉर्वेत झालेल्या नाटोच्या युद्धसरावात जर्मन तुकडीच्या काही चिलखती वाहनांवर मशीनगनच नव्हत्या. त्यांच्या जागी झाडूचे दांडे काळ्या रंगाने रंगवून बसविण्यात आले होते. ही तुकडी साधीसुधी नव्हती. संकट उद्भवताच सर्वांत आधी धावून जाण्यासाठी नाटोने जे शीघ्र प्रतिसाद दल उभे केले, त्यासाठी नेमलेली ही तुकडी! संरक्षण मंत्रालयाने खुलासा केला, की ती नियंत्रणासाठी वापरायची वाहने होती. त्यांना बंदुकांची आवश्यकताच नव्हती. खुलासा खराही असेल. पण मग ते दांडे रंगविले कशासाठी, याचे उत्तर कोणी दिले नाही.

ज्या देशाच्या कारखान्यांतून लेपर्ड रणगाडा बाहेर पडतो, ज्याच्या अभियांत्रिकीची साक्ष जगातील प्रत्येक मोठ्या शहराचा रस्ता देतो, युरोपातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था म्हणून ज्याचा दबदबा आहे, त्या देशाचा सैनिक झाडूचा दांडा घेऊन सरावाला उतरतो, याला दारिद्र्य म्हणता येत नाही. दारिद्र्याला निदान सहानुभूती मिळते. भारतीय वाचकाला येथे १९६२ चे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. सुती गणवेशात, कॅनव्हासच्या बुटांत हिमालयाच्या बर्फात उभे केलेले जवान या देशाने पाहिले आहेत. तेव्हाच्या राज्यकर्त्यांच्या स्वप्नाळूपणाला क्षमा नाही. पण देश गरीब होता, एवढे तरी त्यांना सांगता येत होते. जर्मनीच्या राज्यकर्त्यांना तीही पळवाट नव्हती.

झाडूचे दांडे हा अपवाद असता, तर विनोद म्हणून सोडून देता आला असता. परंतु २०१७ च्या अखेरीस जर्मन नौदलाच्या सहाच्या सहा पाणबुड्या एकाच वेळी सेवेबाहेर होत्या. जर्मन पाणबुड्यांची ख्याती मुंबईकरांना तरी सांगायला नको. भारतीय नौदलाची ‘शिशुमार’ कील येथील गोदीत बांधली गेली आणि १९८६ मध्ये सेवेत आली. त्याच आराखड्याच्या ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. आता नव्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव गोदीच्या सहकार्याने त्याच जर्मन उद्योगाशी वाटाघाटी २०२५ मध्ये सुरू झाल्या. जगाला पाणबुड्या पुरविणाऱ्या देशाच्या स्वतःच्या पाणबुड्या मात्र सुट्या भागांअभावी आणि दुरुस्तीअभावी धक्क्याला लागलेल्या! २०१८ च्या नोव्हेंबरात चॅन्सेलर अँगेला मर्केल जी-२० परिषदेसाठी ब्युनोस आयर्सला निघाल्या, तर हवाई दलाचे त्यांचे विमान वाटेत बिघडले. कोलोनला उतरून, माद्रिदहून प्रवासी विमान पकडून त्यांना पुढचा प्रवास करावा लागला.

मग २४ फेब्रुवारी २०२२ उजाडला. रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसले. त्याच दिवशी जर्मन भूदलाचे प्रमुख आल्फोन्स माइस यांनी जाहीरपणे लिहिले, की ज्या सैन्याचे नेतृत्व ते करतात, ते जवळजवळ रिकाम्या हातांनी उभे आहे. कोणत्याही देशाच्या सेनापतीने आक्रमणाच्या दिवशी द्यावा असा हा कबुलीजबाब नव्हे. त्याआधी चारच आठवडे युक्रेनने शस्त्रे मागितली, तेव्हा बर्लिनने ५,००० शिरस्त्राणे देऊ केली होती आणि पुढच्या वेळी उशा पाठविणार काय, असे कीव्हच्या महापौरांनी विचारले होते.

शांततेच्या लाभांशाचा भ्रम

ही अवस्था कोणा शत्रूने आणलेली नव्हती. शीतयुद्धाच्या काळात एकट्या पश्चिम जर्मनीचे खडे सैन्य पाच लाखांच्या जवळ होते. दोन हजारांहून अधिक लेपर्ड-२ रणगाडे तिने विकत घेतले. १९९० मध्ये देश एक झाला, वर्षभरात सोव्हिएत संघ कोसळला आणि इतिहास संपल्याचा साक्षात्कार पश्चिमेतील पंडितांना झाला. चहूकडे मित्रच मित्र, मग सैन्य कशाला? ‘शांततेचा लाभांश’ हा गोंडस शब्दप्रयोग रूढ झाला. सैन्य घटत घटत १,८०,००० च्या आसपास आले, रणगाडे काही शेकड्यांवर आले, २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली. पाठोपाठ नोंदणीची यंत्रणाही मोडीत निघाली. घरमालकाने चोऱ्या थांबल्या म्हणून कुलपे भंगारात विकावीत, तसा हा प्रकार.

२०१४ मध्ये रशियाने क्रायमिया गिळंकृत केला. त्याच वर्षी वेल्समधील नाटो परिषदेत, दहा वर्षांत संरक्षणखर्च सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांपर्यंत न्यायचा, असे ठरले. जर्मनीने त्यावर स्वाक्षरी केली. तेव्हा तिचा खर्च सव्वा टक्क्याहूनही कमी होता. २०१७ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री झिग्मार गाब्रिएल यांनी तर हे उद्दिष्ट अवास्तव असल्याचे सांगून टाकले. क्रायमियाच्या पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिनीचा करार झाला. ज्याच्यापासून रक्षण करण्यासाठी सैन्य हवे होते, त्याच्याच स्वस्त वायूवर उद्योग चालवायचे आणि सैन्यावरचा खर्च वाचवायचा, असा हा दुहेरी व्यवहार होता. २०२१ पर्यंत जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू रशियातून येऊ लागला. माजी चॅन्सेलर गेऱ्हार्ड श्रोडर यांनी सत्ता सोडताच पहिल्या नॉर्ड स्ट्रीम वाहिनीच्या कंपनीत पद स्वीकारले होते. एखाद्या गरीब देशाच्या माजी पंतप्रधानाने असे केले असते, तर युरोपातील वृत्तपत्रांनी त्यावर भ्रष्टाचाराचे किती अग्रलेख लिहिले असते?

याच जर्मनीने १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर भारताशी नव्या विकाससाहाय्याची बोलणी थांबविली होती. त्या वेळी आणि आजही जर्मनीच्या ब्यूशेल तळावर अमेरिकेचे अणुबाँब आहेत, हे उघड गुपित आहे. दुसऱ्याच्या छत्राखाली कोरडे उभे राहायचे आणि पावसात छत्री उघडणाऱ्याला उपदेश करायचा! ही दांभिकता भारत विसरलेला नाही. पण जर्मनीची गोष्ट सांगण्याचे कारण तिचे उट्टे काढणे हे नव्हे. समृद्ध राष्ट्राने शस्त्रांवर अधिक खर्च करावा काय, हा प्रश्न जगात आज कोठे कसाला लागला असेल, तर तो बर्लिनमध्ये.

ब्रांट यांचे नाव घेणारे

विरोधकांचा पहिला युक्तिवाद शांततेचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये साहरा वागेनक्नेख्ट आणि आलिस श्वार्त्सर यांनी ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी हजारोंचा मेळावा भरवून युक्रेनला शस्त्रे देणे थांबवा, वाटाघाटी करा, अशी हाक दिली. जून २०२५ मध्ये सत्तारूढ आघाडीतील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्याच राल्फ स्टेग्नर, रोल्फ म्यूत्सेनिश आदी नेत्यांनी एक जाहीरनामा काढला. संरक्षणसिद्धता नकोच, असे त्यांचे म्हणणे नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु खर्च साडेतीन किंवा पाच टक्क्यांवर नेण्यास सुरक्षेच्या दृष्टीने आधार नाही आणि रशियाशी संवाद पुन्हा सुरू करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच पक्षाचे संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरियस यांनी हे वास्तव नाकारणे आहे, असे त्यांना सुनावले.

या मंडळींच्या तोंडी सदैव विली ब्रांट यांचे नाव असते. पूर्वेकडील साम्यवादी देशांशी संवादाचा सेतू बांधणारे, १९७१ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळविणारे ब्रांट. त्यांची थोरवी कोण नाकारील? पण ब्रांट चॅन्सेलर असताना जर्मनीचा संरक्षणखर्च उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून अधिक होता आणि सक्तीची लष्करी सेवा चालू होती. मॉस्कोशी हस्तांदोलन करणाऱ्या ब्रांट यांच्या पाठीशी बलाढ्य सैन्य उभे होते, म्हणून त्यांच्या शब्दाला मॉस्कोत किंमत होती. त्यांच्या वारसांनी हस्तांदोलन तेवढे उचलले आणि सैन्य विसरले. हे ब्रांट यांचे अर्धेच चरित्र झाले.

याहून बोलका दाखला त्यांच्या नंतरच्या दशकातला आहे. सोव्हिएत संघाने युरोपवर एसएस-२० क्षेपणास्त्रे रोखली, तेव्हा दुसरे सोशल डेमोक्रॅट चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी पुढाकार घेऊन १९७९ मध्ये नाटोकडून दुपदरी निर्णय करवून घेतला: बोलणी करायची आणि ती फसली, तर अमेरिकी क्षेपणास्त्रे युरोपात आणायची. ऑक्टोबर १९८१ मध्ये बॉनमध्ये सुमारे तीन लाख लोक याच्या निषेधार्थ जमले. युरोप अणुयुद्धाच्या खाईत लोटला जात आहे, असा आक्रोश झाला. श्मिट यांच्या पक्षानेही शेवटी त्यांची साथ सोडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये हेल्मुट कोल यांनी संसदेत बहुमताने तो निर्णय अमलात आणला. पुढे काय घडले? अणुयुद्ध झाले नाही. चार वर्षांनी, डिसेंबर १९८७ मध्ये, रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी त्या संपूर्ण वर्गातील क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. क्षेपणास्त्रे हटली, ती मोर्च्यांमुळे नव्हेत; मेजाच्या दुसऱ्या बाजूलाही हटविण्याजोगे काही होते म्हणून. ज्याच्या हाती सोडण्यासारखे काहीच नाही, त्याच्याशी वाटाघाटी कोण करील? युक्रेनने १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे आश्वासनांच्या कागदावर विसंबून आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडली. त्या कागदावर रशियाची स्वाक्षरी होती.

भाकरी की बंदूक?

दुसरा युक्तिवाद अधिक भावनिक आणि म्हणूनच अधिक परिणामकारक. तोफांवर खर्च होणारा प्रत्येक युरो वृद्धाच्या निवृत्तिवेतनातून, मुलाच्या शाळेतून काढला जातो, असे सांगितले जाते. आकडे काय सांगतात? २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात श्रम आणि सामाजिक खात्यासाठी सुमारे १९० अब्ज युरो होते, तर संरक्षण खात्यासाठी नियमित तरतूद सुमारे ६२ अब्ज. विशेष निधी धरूनही संरक्षण सामाजिक खात्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नव्हते. बंदुकीने भाकरी पळविली, असे चित्र यातून कोणाला दिसत असेल, तर त्याने पुन्हा एकदा बेरीज करावी.

आणि बंदूक नसल्याची किंमत किती? सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाचा वायू बंद पडून इंधनाचे दर आकाशाला भिडले, तेव्हा नागरिक आणि उद्योग यांना वाचविण्यासाठी ओलाफ शोल्झ सरकारला २०० अब्ज युरोंपर्यंतच्या संरक्षककवचाची घोषणा करावी लागली. याच शोल्झ यांनी २७ फेब्रुवारी २०२२ च्या गाजलेल्या भाषणात सैन्यासाठी १०० अब्जांचा विशेष निधी जाहीर केला, तेव्हा केवढी रक्कम म्हणून गहजब झाला होता. सैन्यासाठी १०० अब्ज आणि सात महिन्यांत स्वस्त वायूच्या मोहाची भरपाई म्हणून त्याच्या दुप्पट! दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील युनिपर ही वायूकंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. दहा लाखांहून अधिक युक्रेनी निर्वासितांना आश्रय द्यावा लागला. तो दिला, हे जर्मनीच्या माणुसकीला शोभणारेच झाले. पण हा सारा खर्च युद्ध न रोखता आल्याचा खर्च आहे. तो संरक्षणाच्या खात्यात लिहिला जात नाही, एवढेच.

कर्जाचा मुद्दाही काढला जातो. २००९ मध्ये जर्मनीने आपल्या संविधानात कर्जाला लगाम घालणारे कलम घातले आणि त्याची पूजा बांधली. घरातल्या माणसाने उधारी करू नये, हे खरे. पण छप्पर गळत असता उधारी टाळणे ही काटकसर नव्हे. १८ मार्च २०२५ रोजी मावळत्या संसदेने ५१३ विरुद्ध २०७ मतांनी, उत्पन्नाच्या एक टक्क्यावरील संरक्षणखर्च या लगामातून मोकळा केला. निवडणुकीत कर्जाचा लगाम राखण्याची भाषा करणाऱ्या फ्रीडरिश मेर्त्स यांनी, चॅन्सेलरपदाची शपथ घेण्यापूर्वीच, जुन्या संसदेकडून हे करवून घेतले. ही कोलांटउडी त्यांच्या प्रतिष्ठेला शोभली नाही. निर्णय मात्र योग्य होता. फ्रान्सचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांपुढे गेले आहे. जर्मनीचे साठीच्या थोडे वर. युरोपात शस्त्रांसाठी कर्ज काढण्याची ऐपत कोणाची असेल, तर ती जर्मनीचीच.

भूतकाळाचे भूत

सर्वांत नाजूक आक्षेप इतिहासाचा. ज्या राष्ट्राने दोन महायुद्धांत युरोप बेचिराख केला, त्याच्या हाती पुन्हा तलवार द्यावी काय? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांचेच उत्तर येथे ऐकावे. पोलंडइतके जर्मन टाचेखाली कोण भरडले गेले? त्या पोलंडचे परराष्ट्रमंत्री राडोस्लाव सिकोर्स्की २०११ मध्ये बर्लिनमध्येच म्हणाले, की जर्मनीच्या सामर्थ्यापेक्षा तिच्या निष्क्रियतेची भीती त्यांना अधिक वाटू लागली आहे. ते युरोच्या अरिष्टाविषयी बोलत होते. पण आज तेच वाक्य रणगाड्यांना लागू पडते. ज्या पोलंडचे दरडोई उत्पन्न जर्मनीच्या निम्म्याहून कमी, तो संरक्षणावर ४ टक्क्यांहून अधिक खर्च करतो. ज्यू लोकांच्या राष्ट्राचे उदाहरण तर त्याहून विलक्षण. इस्रायलने आपली ‘अ‍ॅरो-३’ ही क्षेपणास्त्रविरोधी प्रणाली जर्मनीला विकली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिचा पहिला भाग जर्मन भूमीवर कार्यान्वित झाला. ज्यांच्या पूर्वजांचा वंशसंहार बर्लिनमधून चालविला गेला, ते आज बर्लिनच्या आकाशाचे रक्षण करण्यास साहाय्य करतात. मग जर्मन शांतिवाद्यांना कोणाच्या वतीने भीती वाटते?

आकड्यांतही ही भीती टिकत नाही. १९९० मध्ये एकीकरणाच्या वेळी चार विजेत्या महासत्तांशी झालेल्या तहात जर्मनीने सैन्याची कमाल मर्यादा ३,७०,००० मान्य केली होती. आज ज्या विस्ताराची एवढी चर्चा आहे, तो पूर्ण झाला, तरी सैनिक २,६०,००० होतील आणि तेही २०३५ पर्यंत. रशियाने स्वतः मान्य केलेल्या मर्यादेपेक्षा एक लाखाने कमी असलेल्या सैन्याला सैन्यवाद म्हणायचे असेल, तर शब्दांना अर्थ उरला नाही.

तथापि पैसा ओतला की सैन्य उभे राहते, असे समजणाऱ्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. ‘गोर्च फोक’ हे नौदलाचे शिडाचे प्रशिक्षण जहाज. त्याची दुरुस्ती १० दशलक्ष युरोंत व्हायची होती. ती १३५ दशलक्षांवर गेली आणि जहाज सहा वर्षांनी परतले. खरेदी करणारे कोब्लेन्झचे कार्यालय दहा हजारांहून अधिक कर्मचारी बाळगते. डिसेंबर २०२२ मध्ये एका सरावात ‘पूमा’ जातीची १८ च्या १८ चिलखती वाहने बंद पडली. २०२३ मध्ये नवे डिजिटल रेडिओ आले, तर ते जुन्या वाहनांत बसवायचे कसे, याचा विचारच झालेला नव्हता. १०० अब्जांच्या निधीतील एक सेंटही २०२२ मध्ये सैनिकांपर्यंत पोहोचला नाही, असे संसदेच्या लष्करविषयक आयुक्त एफा ह्योगल यांनी मार्च २०२३ च्या अहवालात नमूद केले. युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन त्याच महिन्यात दिले. मुदत संपली, तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, की असेच होणार. पैसा एका रात्रीत संमत होतो. कारखाना, कुशल कारागीर आणि दारूगोळ्याचा साठा यांना वर्षे लागतात. राइनमेटालचा उंटरल्युस येथील नवा कारखाना ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. वर्षाला साडेतीन लाख तोफगोळे हे त्याचे उद्दिष्ट २०२७ चे आहे.

पाच टक्क्यांच्या आकड्यालाही सोवळे मानण्याचे कारण नाही. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोने २०३५ पर्यंत साडेतीन टक्के थेट संरक्षणावर आणि दीड टक्का पूल, रस्ते, जाळी यांवर असे जे ठरविले, त्यात गरजेच्या हिशेबाइतकाच डोनाल्ड ट्रम्प यांना खूश ठेवण्याचा हिशेब होता. पण युरोपला ही वेळ आणली कोणी? संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी जून २०११ मध्येच ब्रसेल्समध्ये स्पष्ट बजावले होते, की अमेरिकी करदाता हे ओझे अनंतकाळ वाहणार नाही. तेव्हा अध्यक्ष ट्रम्प नव्हते, ओबामा होते. सोनाराने कान टोचले, तरी ऐकायला कोणी नव्हते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने काही दिवस युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्तवार्ता दोन्ही रोखून धरले, तेव्हा कोठे युरोपच्या राजधान्यांत झोप उडाली. दुसऱ्याच्या जिवावर मिळणारी सुरक्षा दुसऱ्याच्या लहरीवर जाते, हे समजायला चौदा वर्षे लागली.

२०२६ साठी जर्मनीने नियमित तरतूद आणि विशेष निधी मिळून सुमारे १०८ अब्ज युरो संरक्षणाला दिले आहेत. पैशाचा प्रश्न बव्हंशी सुटला. माणसांचा सुटलेला नाही. तीस लाखांहून कमी वस्तीचा लिथुआनिया त्याच वर्षी उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक रक्कम संरक्षणावर खर्च करण्यास सिद्ध झाला. कारण पोलंडशी त्याला जोडणारी भूमी, एका बाजूला कालिनिनग्राड आणि दुसऱ्या बाजूला बेलारूस यांच्या कात्रीत, सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरची आहे. त्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे जर्मनीची ४५ वी चिलखती ब्रिगेड उभी राहत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात कायमची ठेवलेली ही पहिली जर्मन ब्रिगेड. मे २०२५ मध्ये विल्निअसच्या चौकात तिचे संचलन झाले, तेव्हा पाहायला लोक जमले होते आणि ते जर्मन सैन्याचे स्वागत करीत होते. ४,८०० सैनिकांची ही ब्रिगेड २०२७ पर्यंत पूर्ण व्हायची आहे.

तिच्यासाठी तरुण कोठून येणार? ५ डिसेंबर २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्यानुसार, १ जानेवारी २०२६ पासून, २००८ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक जर्मन तरुणाला वयाच्या अठराव्या वर्षी एक प्रश्नावली येते. ती भरून पाठविणे त्याला बंधनकारक आहे. सैन्यात जाणे मात्र अजून त्याच्या इच्छेवर सोडलेले आहे.